मुलाखतीतल्या गुगली प्रश्नांचं काय करायचं?

'बसमध्ये गोल्फचे चेंडू किती मावतील?', 'तुम्ही प्राणी असता तर कोणता?', 'आम्ही तुम्हाला का घेऊ नये?' असं काही आलं की पाठ केलेली उत्तरं कामाला येत नाहीत. मुलाखती घेणाऱ्यांनी आणि उमेदवारांची तयारी करून घेणाऱ्यांनी लिहावं. किस्से नकोत. काय करायचं आणि कुठे चुकतं, तेवढंच सांगा.

* * *

चेंडूंचंच घेऊ. अशा अंदाजाच्या प्रश्नांना एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञावरून फर्मी प्रश्न म्हणतात. शिकागोत पियानो सुरात लावून देणारे किती, हा त्यातला नेहमीचा नमुना.

आधी विचारून घ्या: बस केवढी, सीटा आहेत की काढल्यात? उत्तर 'तुम्हीच ठरवा' असं आलं तर गृहीतकं मोठ्याने सांगा आणि आकडे गोळाबेरीज धरा. आतून लांबी १० मीटर, रुंदी २.५, उंची २, म्हणजे ५० घनमीटर, घनसेंटीमीटरमध्ये ५ कोटी. चेंडूचा व्यास सव्वाचार सेंटीमीटरच्या आसपास, आकारमान सुमारे ४० घनसेंटीमीटर. ५ कोटी भागिले ४०, साडेबारा लाख.

बरेच जण इथे थांबतात. पण गोल वस्तूंमध्ये फटी राहतात. कसेही ओतलेले सारख्या आकाराचे चेंडू जागेचा साधारण ६४ टक्केच भाग भरतात. म्हणजे ८ लाख. सीटांसाठी पाव हिस्सा सोडला की ६ लाख. कुणी ५ म्हटलं, कुणी ७, तरी बिघडत नाही. ६ हजार किंवा ६ कोटी आलं तर मात्र एककात घोळ आहे. १ घनमीटर म्हणजे १० लाख घनसेंटीमीटर. तिथे नुसत्या १०० ने गुणून मोकळे होणारे हवे तेवढे भेटतात.

* * *

कोड्यांबद्दल. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये उघडपणे सांगितलं होतं की अशा कोड्यांत वेळ फुकट जातो, त्यांवरून माणूस कसं काम करेल हे कळत नाही आणि विचारणाऱ्याला आपण हुशार वाटतो एवढंच. पटतं. तरी विचारणारे विचारतातच.

कोडं आधीच माहीत असेल तर तसं सांगून टाका. आत्ताच सुचल्याचं नाटक दुसऱ्या प्रश्नात उघडं पडतं, कारण आकडा बदलला जातो. ९ चेंडूंतला एकच जड चेंडू तराजूवर दोनदा तोलून सापडतो, हे सगळे घोकून येतात. '१० असते तर?' म्हटलं की शांतता. कारण माहीत असलं तर अडायला होत नाही: प्रत्येक तोलाचे निकाल तीनच, डावं जड, उजवं जड किंवा समान. दोन तोलांत ३ × ३ = ९ शक्यता वेगळ्या करता येतात, दहाव्यासाठी तिसरा तोल लागतोच.

तसंच सव्वातीनला घड्याळाच्या काट्यांमधला कोन. घाईत 'शून्य' निघून जातं. तासकाटा मिनिटाला अर्धा अंश सरकतो, म्हणून उत्तर साडेसात अंश.

* * *

वर 'मोठ्याने सांगा' म्हटलंय, त्यात थोडी भर. डोक्यात येणारं सगळं बोलायचं नसतं. 'अर्धा मिनिट घेऊ का?' असं विचारून कागदावर मांडावं आणि मग ठरलेल्या पायऱ्या बोलाव्यात. सलग तीन वेळा 'नाही नाही, थांबा' झालं की ऐकणारा दोरा सोडून देतो.

* * *

प्राणी, रंग, सुपरपॉवर यांत बरोबर उत्तर नसतं. एक निवड, कामाशी जोडलेलं एक कारण, अर्ध्या मिनिटात विषय बंद. सिंह सगळेच म्हणतात. म्हणा खुशाल, पण कारण 'राजा असतो' हे नको.

'का घेऊ नये?' हा मात्र खरा प्रश्न आहे. 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' ऐकून पॅनेलचे कान किटलेले असतात. खरी उणीव सांगा, पण त्या पदाचा गाभा सोडून. हिशेबनिसाने 'आकड्यांत गडबड होते' म्हणू नये. 'मोठ्या गटापुढे बोलायची सवय कमी आहे' चालेल. लगेच त्यावर काय सुरू आहे ते एका वाक्यात. पुढचा प्रश्न 'उदाहरण द्या' हाच असतो, ते तयार हवं.

* * *

मुद्दाम ताण देणारे प्रकार: जांभई, मध्येच तोडणं, बरोबर उत्तराला 'चूक' म्हणणं. शेवटच्यात लगेच माघार घेऊ नका आणि हुज्जतही नको. 'कोणती पायरी खटकली?' एवढं विचारा. खरंच चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त होतं, नसेल तर समोरचा पुढे जातो.

शांतता जास्त घातक. उत्तर संपल्यावर समोरचा नुसता बघत राहतो आणि उमेदवार ती पोकळी भरायला जातो. पगाराच्या आकड्यानंतर तर हमखास: 'थोडं कमी असलं तरी चालेल.' कुणी मागितलं होतं? आकडा सांगून गप्प बसा. फारच लांबलं तर, 'याबद्दल आणखी काही सांगू का?'

* * *

लग्न कधी, मुलं कधी, घरी कोण असतं. उत्तर द्यायची सक्ती नसते, पण फटकारून टाकलं की पुढचं बोलणं बिघडतं. प्रश्नामागची शंका ओळखून तिचं उत्तर द्या: 'शिफ्ट आणि प्रवासाबद्दल विचारत असाल तर मला दोन्ही जमेल.' जमणार नसेल तर तसं म्हणू नका. तरी पुन्हा तेच आलं तर शांतपणे, 'कामाशी याचा संबंध कसा येतो?' तिसऱ्यांदा विचारणाऱ्या ठिकाणी काम करायचं का, हे तुम्ही ठरवा.

* * *

रेकॉर्डेड मुलाखतीचं राहिलं. समोर माणूस नसतो, शंका विचारता येत नाही, घड्याळ चालू असतं. प्रश्न दोन अर्थांचा असेल तर 'मी याचा अर्थ असा धरतो' या वाक्यानेच सुरुवात करा. निष्कर्ष आधी, कारण नंतर, कारण वेळ संपला की रेकॉर्डिंग वाक्याच्या मध्येच तुटतं. आणि सरावाचा प्रश्न असेल तर तो सोडू नका. माईक बंद असल्याचं तिथेच कळतं.