बोटीच्या ट्रेलरचं डावं चाक तापतंय: बेअरिंग की ब्रेक?

ह्यूस्टनकर:
मंडळी, एक जुनी सतरा फुटी बोट घेतली आहे, ट्रेलरसकट. एकच अ‍ॅक्सल, ३५०० पौंडांचा. दोन्ही चाकांना ड्रम, ब्रेक सर्ज पद्धतीचे: गाडी हळू झाली की ट्रेलर मागून रेटतो आणि त्या रेट्यानेच हायड्रॉलिक ब्रेक लागतात.

शनिवारी केटीहून गॅल्व्हस्टनला निघालो. लीग सिटीजवळ पंपावर उतरलो तर जळका वास. तापमापक बंदूक रोखली: डावं हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, २०५ फॅरनहाइट, म्हणजे ९६ सेल्सिअस, उजवं १२०. डाव्या रिमच्या आतल्या अंगाला ग्रीस उडालंय. हबला स्प्रिंगवाल्या ग्रीस टोप्या आहेत, आधीच्या मालकाने गच्च भरून दिलेल्या. ट्रेलर जवळच एका मित्राच्या अंगणात लावलाय. हब न उघडता दोष कळेल का?

पर्थवाला:
वेळ घालवू नका. बेअरिंगसकट अख्खं हब मिळतं, तेच बसवा. आणि एक ग्रीस भरलेलं तयार हब कायम डिकीत ठेवा. आमच्याकडे सगळे ठेवतात.

दापोडीकर:
जादा हब ठेवा, त्याला ना नाही. पण दोष ब्रेकचा असेल तर नवं हबही तसंच तापेल.

माझी सगळी नोकरी दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात झाली. आता मिशिगनला मुलाकडे असलो की त्याच्या बोटीचा ट्रेलर माझ्या ताब्यात असतो. बस काय नि बोट काय, टेपर रोलर बेअरिंग तेच.

ह्यूस्टनकर, आधी हे सांगा, बंदूक नेमकी कुठे रोखली होती? टोपीपाशी मोजा आणि ड्रमच्या कडेला मोजा. टोपी जास्त गरम असेल तर संशय बेअरिंगवर, ड्रमची कड जास्त असेल तर ब्रेकवर. पक्का निवाडा नव्हे, पण दिशा कळते. उजवं चाक थंड आहे, म्हणजे पुढचा कपलर, गाडीला जोडणारा भाग, गंजून दाबलेल्या स्थितीत अडकलेला नाही. तसं असतं तर दोन्ही चाकं तापली असती.

मग उजव्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे लावा, डावं जॅकवर घ्या आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर हात आत घालू नका. चाक फिरवताना दुसरा हात पाट्यांच्या स्प्रिंगवर ठेवा. खरखर कानाच्या आधी हाताला कळते. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड वाजलं तर बेअरिंग सैल किंवा झिजलेलं.

चाक जड फिरतंय? ब्लीडर, म्हणजे ब्रेकचं तेल सोडायचा स्क्रू, किंचित सोडा. तेल उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकतोय, म्हणजे बहुधा होजपाइप आतून फुगलाय. तरीही जडच राहिलं तर व्हील सिलिंडर जाम, लायनरची (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांची) स्प्रिंग गेलेली किंवा बेअरिंगच धरलेलं.

मागचं सील, ग्रीस आत अडवणारी कडी, मात्र गेलंय, हे इथून सांगतो. स्प्रिंगची टोपी आत जेमतेम ३ पीएसआय दाब ठेवते. ग्रीस गनने रेटून भरलं की ग्रीस मागच्या सीलमधून वाट काढतं आणि थेट लायनरवर जातं. सील गेलं की पाणी आत. हायवेवरून तापून आलेलं हब लगेच खाडीत बुडवलं की आतली हवा आकसते आणि हब खारं पाणी ओढून घेतं. रॅम्पवर पोचल्यावर हब हाताला निववून मगच बोट सोडावी. लोकांना घाई असते.

ह्यूस्टनकर:
काका, टोपीपाशीच मोजलं होतं. चाक खरखरत होतं, ब्लीडर सोडूनही फरक नाही, म्हणून उघडलं. ग्रीसचा रंग अमृततुल्यच्या चहासारखा. आतल्या बेअरिंगच्या रोलरना खड्डे, कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी, निळसर पडलाय, लायनर ग्रीसने माखलेले. बाहेरचं बेअरिंग चांगलं दिसतंय, ते धुऊन वापरू का? आणि स्पिंडलवर, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाच्या दांड्यावर, सील घासतं तिथे बारीक खाच आहे.

दापोडीकर:
चहासारखा रंग म्हणजे पाणीच. निळा पडलेला कप म्हणजे तापून पोलादाचा कडकपणा गेला, तो भंगारात. बाहेरचं बेअरिंगही त्याच ग्रीसमध्ये भिजलंय, टाकून द्या. कोन (रोलरवाला आतला भाग) आणि कप जोडीनेच बदला. नवा कोन जुन्या कपात घातला की लवकरच पुन्हा हेच. नंबर कोनवर कोरलेले असतात. तुमच्या अ‍ॅक्सलला बहुधा आत एल६८१४९ आणि बाहेर एल४४६४९ निघेल, पण वाचून खात्री करा.

खाचेवरून नख फिरवा. अडकत नसेल तर बारीक एमरी पेपर मारून भागेल. अडकत असेल तर त्यावर पातळ स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, चढवावी लागेल, नाहीतर नवं सील तिथूनच गळणार. बेअरिंग बसते ती जागा मात्र खरवडलेली किंवा निळी असेल तर स्पिंडल बदलायचा, तिथे एमरी चालवू नका.

माखलेले लायनर पेट्रोलने धुऊन उपयोग नाही. दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर ब्रेक लागला की ट्रेलर एका बाजूला ओढेल.

बसवताना चाक फिरवत नट घट्ट करा म्हणजे बेअरिंग नीट बसेल, मग नट सोडा आणि चाक न फिरवता नुसत्या बोटांनी आवळा. नवी स्प्लिट पिन घाला. पान्याने करकचून आवळलेला नट दुसऱ्याच दिवशी असाच तापतो.

ह्यूस्टनकर:
नख अडकतंय. स्लीव्ह मागवली.

दापोडीकर:
ती येईपर्यंत उजवंही उघडून बघा.