सोसायटी ग्रुपवरील चर्चा : बाजरी, राळा, नाचणी आणि वरी यांचे एकमेकांशी नाते काय?

बी-२०३ : सर्वांना नमस्कार. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या मिश्र दाण्यांतून गच्चीवरच्या कुंड्यांत चार प्रकारची रोपे उगवली असून आता त्यांना कणसे धरली आहेत. फोटो वर टाकले आहेत. एक कणीस जाड आणि दंडगोल आहे, एक लवदार असून शेंड्याकडून झुकले आहे, एक बोटांसारखे फाटलेले आहे आणि एक मोकळ्या झुपक्यासारखे लोंबते आहे. पाकिटावर मात्र सगळ्यांना मिळून ‘मिलेट’ एवढेच छापलेले होते. हे एकाच पिकाचे वाण आहेत, की ही वेगवेगळी पिके आहेत? डी-४०१ मधल्या मॅडमनी वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, त्यांनी सवडीने सांगावे.

ए-१०२ : माझ्या समजुतीप्रमाणे भरडधान्य हे मुळात एकच रानटी गवत असून जमीन आणि हवामानानुसार त्याची रूपे बदलली आहेत. चूक असल्यास मॅडमनी दुरुस्त करावे.

डी-४०१ : नमस्कार. फोटो स्पष्ट आहेत, त्यामुळे खात्रीने सांगते. जाड दंडगोल कणीस बाजरीचे, झुकलेले लवदार कणीस राळ्याचे, बोटांसारखे नाचणीचे आणि लोंबता झुपका वरीचा आहे. काका, ही चार वेगळी पिके आहेत आणि चौघांचे रानटी पूर्वजही वेगळे आहेत. चारही गवताच्या कुळातली, म्हणजे पोएसी कुळातली, एका हंगामात आयुष्य पुरे करणारी आणि बारीक दाण्याची आहेत हे खरे. परंतु या कुळात अकरा हजारांहून अधिक जाती असून गहू, भात, ऊस आणि बांबू हेही त्यातलेच आहेत, त्यामुळे ‘गवत’ म्हटल्याने नाते किती जवळचे ते ठरत नाही.

बाजरी, राळा आणि वरी ही पॅनिकॉइडी उपकुळातली आहेत आणि मका, ज्वारी व ऊस हे त्यांचे जवळचे आप्त आहेत. नाचणी मात्र क्लोरिडॉइडी या निराळ्या उपकुळातली आहे आणि हरळी, म्हणजे आपली दूर्वा, तिला बाजरीपेक्षा कितीतरी जवळची आहे. हरळीचा तुरा आणि नाचणीचे कणीस शेजारी ठेवून पाहावे : देठाच्या टोकाला एकाच जागी फुटलेल्या बोटांची ठेवण दोन्हीकडे सारखी दिसते. नाचणी आणि बाजरी यांच्या वाटा माणूस पृथ्वीवर येण्याच्या काही कोटी वर्षे आधीच वेगळ्या झाल्या होत्या. म्हणून या सगळ्यांना एकाच ओळीत बसवणे मला फार खटकते; बारीक दाणा हे त्यांचे दिसणे आहे, वंश नव्हे.

सी-३०४ : मॅडम, राळ्याच्या कणसावर जी लव दिसते तीच बाजरीच्या दाण्यांभोवतीही थोडी दिसते. मग हे दोन तरी एकमेकांचे जवळचे असतील ना?

डी-४०१ : ताई, निरीक्षण अगदी बरोबर आहे. राळा आणि बाजरी हे या चौघांतले सर्वांत जवळचे आप्त आहेत आणि ती लवच त्याची खूण आहे. गव्हाच्या ओंबीवरचे कुसळ दाण्याच्या टरफलाच्या टोकातून निघते. राळ्याची आणि बाजरीची लव तशी नाही. कणसातल्या ज्या बारीक फांद्यांवर फुले यायची, त्यांतल्या काही फांद्या फुलांवाचून राहतात आणि केसासारख्या ताठ होतात. म्हणजे तो प्रत्येक केस ही एक वांझ फांदी आहे.

भिंग असेल तर बाजरीच्या कणसाच्या मधोमध एक टाचणी खुपसून एकच पुंजका अलग करावा. एका छोट्या देठावर केसांचे कडे दिसेल आणि त्या कड्यात बहुधा दोन कणिशके असतील. कणिशक म्हणजे गवताच्या फुलोऱ्याचे सर्वांत लहान एकक. त्याच्या तळाशी दोन तुसे असतात आणि बाजरीत त्यांच्या आत दोन फुले : खालचे बहुधा नुसत्या केसरांचे, म्हणजे पराग देणाऱ्या भागांचे, आणि वरचे केसर व अंडाशय दोन्ही असलेले. दाणा धरतो तो वरच्या फुलात. राळ्यातही फुले दोनच असतात, परंतु तिथे खालचे फूल बहुधा वांझ राहते.

आता या दोघांतला फरक पाहा. राळ्याच्या रानटी नातेवाइकांत कणिशक पिकून गळते आणि केस दांड्यावरच मागे राहतात. रानटी बाजरीत केसांचे कडे दाण्यासकट गळून पडते, आणि जनावरांच्या अंगाला किंवा वाऱ्याला धरून दूर जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ या दोन गटांना ओळखतात ते मुख्यतः याच खुणेवरून. २०१० मध्ये जनुकीय पुराव्यांच्या आधारे बाजरीचा पेनिसेटम हा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, सेंक्रस या वंशात विलीन करण्यात आला, त्यामुळे पूर्वीचे पेनिसेटम ग्लॉकम आता सेंक्रस अमेरिकॅनस या नावानेही लिहिले जाते. हे नाव मोठे दिशाभूल करणारे आहे, कारण बाजरीचा अमेरिकेशी उगमाचा काहीही संबंध नाही. ती आफ्रिकेतल्या साहेल, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या, पट्ट्यातली आहे.

बी-२०३ : रानटी गवताचा दाणा गळतो आणि पिकाचा गळत नाही, हे नेमके कसे घडले?

डी-४०१ : माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. दाणा झडणे ही रानगवताची गरज आहे, कारण त्याशिवाय बी पसरत नाही. दाण्याच्या किंवा कणिशकाच्या देठाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पक्वता आली की तो सुटतो आणि बी खाली पडते. एखाद्या झाडात जनुकीय बदलामुळे हा थर नीट तयार झाला नाही तर दाणे कणसावरच चिकटून राहतात. रानात हा दोष ठरतो. परंतु कणसे कापून नेणाऱ्या माणसाच्या हाती नेमके हेच न झडलेले दाणे अधिक लागतात आणि पुढच्या हंगामात त्यातलेच पेरले जातात. पिढ्यानुपिढ्या असे होत गेले की झडणारी झाडे शेतातून कमी होत जातात. यात कोणी मुद्दाम निवड केलीच पाहिजे असे नाही. कापणी आणि पेरणी ही दोन कामे पुरतात.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा बदल प्रत्येक पिकात स्वतंत्रपणे झाला. राळा आणि वरी उत्तर चीनमध्ये लागवडीखाली आली, आणि राळ्याचा पूर्वज असलेले सेटारिया विरिडिस हे गवत आजही जगभर तण म्हणून उगवते. बाजरीचे सर्वांत जुने पुरावे उत्तर मालीतल्या टिलेम्सी खोऱ्यातले असून ते सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीचे आहेत. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली आहे. नाचणीची जडणघडण तर आणखी निराळी : दोन वेगळ्या जातींचे गुणसूत्रसंच एकत्र येऊन ती बनली आहे, त्यामुळे तिच्या पेशीत ३६ गुणसूत्रे असतात, तर बाजरीत १४ आणि राळ्यात १८. वरीतही ३६ आहेत, पण तो नाचणीशी असलेल्या नात्याचा पुरावा नाही; तिथेही दोन संच स्वतंत्रपणे एकत्र आले.

शिवाय पीक आणि रान यांची ताटातूट अजून पुरी झालेली नाही. पश्चिम आफ्रिकेत बाजरीच्या शेतांच्या आसपास रानटी बाजरी वाढते, दोघींचा संकर होतो आणि शेतात मधल्याच रूपाची झाडे उगवतात, ज्यांना तिथे शिब्रा म्हणतात. ती फुलोऱ्यापर्यंत पिकासारखीच दिसतात आणि दाणे मात्र गाळून टाकतात.

ए-१०२ : दुरुस्तीबद्दल आभारी आहे, मॅडम. परंतु ही सगळी कमी पाण्यावर येतात, हा गुण तरी सामाईक आहेच. वंश वेगळे, तर गुण सारखा कसा?

डी-४०१ : काका, प्रश्न फार चांगला विचारलात. त्याचे मोठे उत्तर पानाच्या आत आहे. भात आणि गहू यांच्या पानात हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट रुबिस्को या विकराकडे (एन्झाइमकडे) जातो. उष्ण हवेत हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही धरू लागते आणि बरीच ऊर्जा वाया जाते. यालाच प्रकाशश्वसन म्हणतात. या चारही पिकांनी त्यावर तोड काढली आहे. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात बांधतात आणि ते आम्ल शिरेभोवती कड्यासारख्या बसलेल्या मोठ्या पेशींत पोचवतात. तिथे तो वायू पुन्हा मोकळा होतो आणि रुबिस्कोला दाटीने मिळतो. पान आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की शिरेभोवतीचे हे हिरवे कडे स्वच्छ दिसते. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्या पानावर काम करून हा मार्ग मांडला. त्याला सी-फोर म्हणतात.

पाण्याची बचत यातूनच होते. वायू आत ओढण्याची ताकद जास्त असल्याने पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे, फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि तेवढ्याच वाढीसाठी पानातून कमी पाणी उडते. आता तुमच्या प्रश्नाकडे येते. गवतांमध्ये ही रचना वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली आहे, आणि नाचणीच्या उपकुळातली व बाजरीच्या उपकुळातली रचना एकमेकींकडून आलेल्या नाहीत. उष्णता आणि कोरडेपणा यांनी वेगवेगळ्या वंशांना एकाच उपायाकडे नेले. अर्थात सगळा काटकपणा सी-फोरमुळे आहे असेही नाही. वरी साधारण ६० ते ९० दिवसांत पिकते आणि दुष्काळ गाठण्याआधी मोकळी होते. बाजरीचा मुख्य ताटा कोरड्या आठवड्यांत सापडला तरी मागून आलेले फुटवे पुढच्या पावसात कणसे धरतात. मका याच उपकुळातला आणि सी-फोरच असूनही त्याला पाणी जास्त लागते, हेही ध्यानात ठेवावे.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. सी-फोर वनस्पतींत जड कार्बनचे प्रमाण किंचित अधिक राहते आणि ते खाणाऱ्याच्या हाडांत उतरते. ज्या थंड प्रदेशात बाकीच्या बहुतेक वनस्पती सी-थ्री, म्हणजे भात-गव्हासारख्या साध्या मार्गाच्या, आहेत, तिथल्या प्राचीन सांगाड्यांवरून पुरातत्त्वज्ञ ही धान्ये तिथे केव्हा पोचली याचा अंदाज बांधतात. हे मला अतिशय विलक्षण वाटते.

सी-३०४ : राजगिराही भरडधान्यांच्याच यादीत सांगितला जातो. तोही गवतच आहे का?

डी-४०१ : नाही. राजगिरा द्विदल, म्हणजे बियांत दोन दले असलेल्या गटातला, आहे; माठाचा भाऊ आहे. त्याला ना कणिशक ना तूस. मजेची गोष्ट एवढीच की त्याच्याही पानात सी-फोर मार्ग आहे. कुट्टू हाही गवत नाही, आणि त्यात तो मार्गही नाही.

बी-२०३ : नाचणीचे दाणे चोळले तर त्यावरून पापुद्रा सुटतो, वरीचे दाणे मात्र टणक चकचकीत कवचात बंद आहेत. दोन्हींचे साल एकच का?

डी-४०१ : नाही, दोन्ही पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत. वरी आणि राळ्याचे चकचकीत कवच म्हणजे फुलाची दोन टरफले. मळणीनंतरही ती दाण्याला मिठी मारून राहतात, म्हणून कांडण लागते. बाजरीत ही टरफले पातळ असून मळणीत दाणा उघडा होतो. नाचणीचा पापुद्रा म्हणजे फळाची स्वतःची भिंत. बहुतेक गवतांत ही भिंत बियांच्या सालीशी एकजीव झालेली असते. नाचणीत ती सैल राहते आणि नुसत्या चोळण्याने निघते. तिच्याखालची तांबूस बीजसाल मात्र घट्ट चिकटलेली असते आणि आतला गर मऊ असतो, त्यामुळे ती सोलू गेल्यास दाणाच भुगा होतो.

बी-२०३ : शेवटचा प्रश्न. या कणसांचे बी पुढच्या हंगामासाठी ठेवले तर तीच रोपे येतील का?

डी-४०१ : राळा, वरी आणि नाचणी यांचे बी निर्धास्तपणे ठेवा. त्यांचे परागण बहुतांशी स्वतःच्याच परागाने होते. बाजरीचे तसे नाही. बाजरीच्या कणसावर आधी पांढऱ्या, पिसासारख्या कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी फुलाची टोके, बाहेर येतात आणि परागकोष काही दिवसांनी लोंबतात, त्यामुळे पहिला पराग वाऱ्यावरून शेजारच्या झाडाचा येतो. हीच रचना अरगट रोगालाही वाट देते : त्याची बुरशी ताज्या कुक्षीतून शिरते. पराग वेळेवर पोचला की कुक्षी आकसते आणि ती वाट बंद होते. पाऊस लागून पराग उशिरा आला की रोग बळावतो.

म्हणून वाण शुद्ध हवे असेल तर कणीस पोग्यातून, म्हणजे गुंडाळलेल्या पानातून, बाहेर पडताच, कुक्षी दिसण्याच्या आधी, त्यावर कागदी पिशवी चढवून खाली बांधावी. एकाच झाडाचे बी पिढ्यानुपिढ्या असे धरल्यास झाडे खुजी होत जातात, तेव्हा जितक्या अधिक झाडांचे जमेल तितके बी एकत्र करावे. दाणा तयार झाला की नाही ते पाहण्यासाठी तो कणसातून काढून टोकदार बूड तपासा. तिथे काळा ठिपका उमटला असेल तर झाडाकडून दाण्यात काही येणे थांबले आहे आणि कणीस काढायला हरकत नाही. एखाद्या कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा गुंता दिसला तर तो गोसावी, म्हणजे केवडा रोग आहे. त्या झाडाचे बी ठेवू नये आणि झाड मुळासकट उपटून कुंड्यांपासून दूर न्यावे.