नवीन टायर बसवल्यानंतर ९० ते ११० च्या वेगात स्टिअरिंगला कंप: दोष नेमका कुठे शोधावा?

दूरचा_प्रवासी

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी मी गाडीचे चारही टायर बदलले. माप पूर्वीचेच ठेवले आहे, १९५/६५ आर १५. रिम मूळच्याच अलॉयच्या आहेत आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, पाच गिअरची आहे. जुने टायर झिजून गुळगुळीत झाले होते, पण त्यांच्यावर गाडी कोणत्याही वेगाला स्थिर धावत असे. आता मात्र ८५ च्या पुढे स्टिअरिंगला डावी-उजवीकडे बारीक थरथर सुरू होते, १०० च्या आसपास ती इतकी वाढते की शेजारच्या बाटलीतल्या पाण्यावर वलये उठतात, आणि ११५ पार केल्यावर ती बरीचशी शमते. ब्रेक दाबल्याने तीत काही फरक पडत नाही.

बॅलन्सिंग (यंत्रावर फिरवून, छोटी वजने लावून चाकाचा समतोल साधणे) दोनदा करून घेतले आणि दोन्ही वेळा यंत्रावर शून्य आलेले मी स्वतः पाहिले. अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणे) झाली. आता गॅरेजमधून असे सांगितले जात आहे की सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) गेले असावेत आणि लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) बदलावे लागतील. एवढे मोठे काम हाती घेण्यापूर्वी दोष टायरचा, रिमचा की सस्पेन्शनचा, हे खात्रीने ठरवण्याची काही पद्धत आहे का?

चाकजोड

सर्वप्रथम आजच, गाडी जमिनीवर उभी असताना, चारही चाकांचे नट पान्याने तपासा. टायर नुकतेच बदललेले असताना कंप आला की पहिला संशय सैल नटाचा घ्यावा, कारण इतर सारी कारणे त्रासदायक असली तरी हे एक कारण जिवावर बेतणारे आहे. त्याच वेळी प्रत्येक टायरच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवून कुठे फुगा आलेला नाही ना, हेही पाहा. फुगा आढळला तर ती गाडी वेगात नेऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. जुन्या टायरवर गाडी स्थिर होती आणि बुश तेव्हाही हेच होते. ते एका दिवसात, नेमके टायर बदलण्याच्या मुहूर्तावर निकामी झाले, असे मानण्यास मला आधार दिसत नाही. बदल चाकांत झाला आहे, तेव्हा शोधही चाकांपासूनच सुरू व्हावा. अलाइनमेंटबद्दलही गैरसमज नको: ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर तिरके झिजतात, परंतु ठरावीक वेगाला येणारी थरथर तिच्यामुळे सहसा येत नाही.

आपल्या मापाच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर भरतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरते. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा असमतोल राहिला असेल, तर या वेगाला तो चाकाला सुमारे साडेचार किलो वजनाइतक्या जोराने बाहेर खेचतो, आणि हे सेकंदाला १४ वेळा घडते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ५० च्या वेगाला तो किलोभराच्या जेमतेम वर असतो आणि हाताला कळतही नाही. मग ११५ ला थरथर कमी का होते? चाक, हब (चाक ज्यावर नटांनी बसते तो फिरता भाग) आणि सस्पेन्शनचा खालचा भाग मिळून जो डोलारा टायरच्या हवेवर उभा असतो, त्याचा स्वतःचा उसळण्याचा वेग बहुतेक मोटारींत सेकंदाला १० ते १५ वेळांच्या दरम्यान असतो. चाकाच्या फिरण्याची गती त्याच्याशी जुळली की लहानसा धक्काही मोठा होतो आणि ती जुळणी ओलांडली की शांत होतो. आपण सांगितलेली लक्षणे या वर्णनात चपखल बसतात.

दोन चाचण्या आपण स्वतः करू शकता. मोकळ्या, सरळ रस्त्यावर १०० चा वेग पाचव्या गिअरमध्ये ठेवा आणि मग त्याच वेगाला चौथ्या गिअरमध्ये या. इंजिनाचे फेरे वाढूनही कंप जसाच्या तसा राहिला, तर इंजिन आणि त्याचे माउंटिंग संशयातून बाहेर पडतात. त्याच वेळी ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना काय होते तेही पाहा; केवळ दाबल्यावरच कंप येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) आतल्या जॉइंटकडे पाहावे लागेल. दुसरी चाचणी म्हणजे पुढची दोन्ही चाके मागे आणि मागची पुढे, पण आपापल्या बाजूलाच, कारण टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलता येत नाही. थरथर स्टिअरिंगमधून निघून सीटमध्ये आणि फरशीत आली, तर दोष चाकाबरोबर मागे गेला असे समजावे. ती स्टिअरिंगमध्येच राहिली, तर मात्र हब, ड्राइव्ह शाफ्ट आणि सस्पेन्शन तपासणे योग्य ठरेल.

जुना_पाना

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मात्र बुशचा विषय इतक्या लवकर निकालात काढू नये. ढिले बुश, टाय रॉडचे (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) टोक किंवा बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोळ्याचा सांधा) कंप निर्माण करत नाहीत, पण चाकातून येणारा लहानसा कंप ते वाढवून स्टिअरिंगपर्यंत पोहोचवतात. गाडी जॅकवर असेल तेव्हा चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवून पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

माझा मुख्य मुद्दा यंत्रावरच्या शून्याबद्दल आहे. चाक यंत्राच्या दांड्यावर ज्या केंद्राभोवती फिरले, त्या केंद्राभोवती ते समतोल आहे, एवढेच ते शून्य सांगते. गाडीवर चाक त्याच केंद्राभोवती फिरते की नाही, याची हमी ते देत नाही. अलॉय रिमच्या मधल्या भोकात गंज, रंगाचा पापुद्रा किंवा मातीचा थर असेल, किंवा चाक दांड्यावर मधोमध धरणारा यंत्राचा शंकू बाहेरच्या, टोपी बसवायच्या कडेवर टेकवला असेल, तर चाक दांड्यावर किंचित तिरके बसते आणि यंत्र चुकीच्या जागी वजन लावायला सांगते. बॅलन्सिंग करणाऱ्याला नम्रपणे एक विनंती करा: शून्य आल्यानंतर पकड सैल करावी, चाक दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळावे आणि पुन्हा मोजावे. आकडा शून्याजवळ राहिला तर बसवणी बरोबर आहे. तो एकदम २०-३० ग्रॅमवर गेला तर आधीचे शून्य खोटे होते. शिवाय बहुतेक यंत्रे ५ ग्रॅमच्या टप्प्याने आकडे दाखवतात आणि त्याखालचा असमतोल शून्य धरतात, म्हणून बारीक मोजणीचे बटण दाबून घ्यावे.

चाक काढलेले असेल तेव्हा गाडीच्या हबकडेही पाहा. रिमची पाठ जिथे हबला टेकते, त्या पृष्ठभागावर गंजाचे खवले चिकटून राहतात. नखाच्या जाडीचा एक खवला मध्ये आला तरी चाक वाकडे बसते आणि नट कितीही आवळले तरी ते सरळ होत नाही. तारेच्या ब्रशने तो भाग धातू उघडा दिसेपर्यंत घासावा, रिमच्या आतल्या बाजूचा वाळलेला चिखल काढावा, आणि नट समोरासमोरच्या क्रमाने, चाक जमिनीपासून अधांतरी असताना हाताने बसवून घ्यावेत. शेवटची आवळणी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या जोरानुसार), टॉर्क पान्यानेच करावी. हवेच्या यंत्राने एक नट एका दमात आवळण्याची सवय मला अत्यंत घातक वाटते.

रेषेवर_नजर

एक गोष्ट राहून गेली. टायरच्या बाजूवर, रिमच्या कडेला लागून, एक बारीक उंच रेषा गोलाकार गेलेली असते. तिचे रिमपासूनचे अंतर सर्वत्र सारखे हवे. एखाद्या ठिकाणी ती रेषा रिमच्या आत शिरलेली दिसली, तर तिथे टायरची कडा पूर्ण बसलेली नाही. अशा वेळी हवा काढून, कडेला साबणाचे द्रावण लावून टायर पुन्हा बसवावा लागतो. कडा बसवण्यासाठी भरलेली जास्तीची हवा नंतर कमी करायची राहून जाते, म्हणून थंड टायरमधला दाब दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीशी पडताळून पाहावा.

दूरचा_प्रवासी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. नट घट्ट होते, फुगा नव्हता. चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये १०० ला कंप सारखाच होता. पुढची-मागची चाके बदलल्यावर स्टिअरिंग जवळजवळ शांत झाले आणि थरथर माझ्या सीटखाली आली. त्यानंतर अर्ध्या फेऱ्याची चाचणी समोर उभे राहून करून घेतली. तीन चाकांचा आकडा ५ ग्रॅमच्या आत राहिला. जे चाक पूर्वी पुढे डाव्या बाजूला होते, त्याचा मात्र शून्यावरून ३५ ग्रॅमवर गेला. शंकू खरोखरच बाहेरच्या कडेवर टेकला होता. भोक साफ करून, शंकू आतल्या बाजूने लावून ते चाक नव्याने बॅलन्स केले. कंप निम्म्याहून कमी झाला आहे, पण १०० ला तो अजून जाणवतो. रेषा चारही टायरवर सारखी आहे.

जुना_पाना

आता तेच चाक गोल आहे का, ते पाहा. समतोल आणि गोलाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंड्याच्या आकाराच्या चाकालाही वजने लावून शून्य आणता येते, पण रस्त्यावर ते प्रत्येक फेऱ्यात गाडी उचलणारच. गाडी जॅकवर घेऊन खाली भक्कम स्टँड द्या, टायरजवळ एक वीट ठेवून तिच्यावर पेन्सिल पक्की बांधा, तिचे टोक टायरच्या मधल्या पट्ट्याला जेमतेम लागू द्या आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट कुठे उघडते आणि कुठे मिटते, ते खडूने नोंदवा. वर-खाली फरक एक-दीड मिलिमीटरच्या पुढे असेल तर तो या वेगाला जाणवतो. मग हीच परीक्षा रिमच्या कडेवर करा, म्हणजे दोष रिमचा की टायरचा ते कळेल. टायरचा उंच भाग आणि रिमचा उंच भाग एकाच जागी आले असतील, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवल्याने ते एकमेकांना बऱ्याच अंशी मारून टाकतात. टायरवर लाल ठिपका असेल तर तो टायरच्या उंच जागेची खूण असतो आणि पिवळा ठिपका हलक्या जागेची; पण सर्वच टायरवर हे ठिपके नसतात.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर चाकावर रूळ दाबून ते फिरवणारे यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे जावे. टायरच्या अंगातला कठीणपणा एखाद्या जागी जास्त असेल, तर तो पेन्सिलीला दिसत नाही; भार दिल्यावरच उघड होतो. असा टायर विक्रेत्याकडून बदलून मागण्यास आपण पूर्ण पात्र असता.

दूरचा_प्रवासी

काल वेळ काढून मोजले. टायरच्या पट्ट्यावर फरक जवळपास दोन मिलिमीटरचा होता आणि रिमच्या कडेवर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक; दोन्हींच्या उंच जागा व्हॉल्व्हच्या एकाच बाजूला, हाताच्या वितीभर अंतरात होत्या. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून घेतला, बारीक मोजणीवर नव्याने बॅलन्स केला आणि टायर रिमवर सरकला तर कळावे म्हणून व्हॉल्व्हसमोर खडूची रेघ ओढून ठेवली. आता पट्ट्यावरचा फरक मिलिमीटरच्या आत आहे, आणि या चाकाला आधी जेवढे वजन लागत होते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झाले.

चाके पुन्हा मूळ जागी लावून आज सकाळी ९० पासून ११५ पर्यंत गाडी चालवली. बाटलीतले पाणी स्थिर होते. ८० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले, खडूची रेघ जागची हललेली नाही. लोअर आर्मचे बुश बॅटरीच्या उजेडात नीट पाहून घेतले. रबराला तडे नाहीत आणि हिसका दिल्यावर चाकात कोठेही खेळ जाणवत नाही, त्यामुळे ते काम मी रद्द केले आहे.