मदत हवी आहे : पहाटे साडेतीनला जाग, छातीत धडधड, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल

यावलची_ताई
मोठ्या दादासाठी विचारतेय. वय ४६, यावल तालुक्यात ठिबकवर केळी. दोन महिने झाले, पहाटे साडेतीनला जाग येते, छाती धडधडते, जबडा आवळलेला असतो, दिवसभर चिडचिड. ईसीजी, बीपी, शुगर, थायरॉईड सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." दादा म्हणतो, "डोकामा चक्र चालूच ऱ्हास", म्हणजे डोक्यात चक्र चालूच राहतं. चहा दिवसाला सात-आठ कप. शेतातल्या मोटारीला एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. जेवण रात्री दहाला. टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय?

तापीकाठ
ताई, तपासण्या आधी करून घेतल्या हे फार चांगलं केलंत. पहाटे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन आपोआप वाढू लागतं, ती उठण्याची तयारी असते. ताणात झोप पातळ असते, म्हणून तेवढ्यानेही जाग येते. मग अंधारात मन त्या धडधडीला कारण शोधतं: केळीचा भाव, करपा रोग, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता. धडधड आधी आणि विचार नंतर, असंही होतं, हे दादांना जरूर सांगा.

चहा एकदम तोडू नका. डोकं दुखतं आणि माणूस परत सुरू करतो. दर तीन दिवसांनी एक कप कमी करत तीनवर या, शेवटचा दुपारी दोनच्या आत. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. जेवण आठच्या आत. दहाला शेवभाजी खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं, आणि ती जळजळही माणसाला हृदयाचं दुखणं वाटून घाबरवते.

हळू_श्वास
श्वासाचा व्यायाम बहुतेक जण चुकीचा करतात. जोरजोरात छाती भरून श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती वाढते. पोटावर हात ठेवून नाकाने घ्या, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. श्वास मोठा नको, हळू हवा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि मुख्य म्हणजे मन शांत असताना. फक्त धडधडीच्या वेळी करायला गेलं तर जमत नाही.

संध्याकाळी सहाला वही घ्या. डावीकडे काळजी, उजवीकडे पुढचं काम आणि वार. "भाव पडला" समोर "बुधवारी दहाला व्यापाऱ्याला फोन". "वादळ" समोर "फळपीक विम्याचे कागद एका पिशवीत". काहींसमोर जागा कोरी राहील, राहू द्या. वीस मिनिटांत वही बंद, आणि त्यानंतर बुऱ्हाणपूर बाजारातल्या केळीच्या दराचे मेसेज बघायचे नाहीत.

बांधावरून
श्वास ठीक आहे, पण रात्री दोनला मोटार चालू करायला जाणारा माणूस झोपेल कसा? मूळ तिथे आहे. मोबाईल स्टार्टर बसवा, म्हणजे घरूनच फोनवरून मोटार चालू-बंद होते. त्यात ड्राय-रन (पाणी संपलं की मोटार बंद करणारं) आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की बंद करणारं) संरक्षण हवंच, नाहीतर मोटार जळेल या धास्तीने तो जागाच राहील. तोवर रात्रीच्या आठवड्यात दुपारी दीड तास अंधाऱ्या खोलीत झोप. मे महिन्यात पाणी आणि मीठ कमी पडलं तरी धडधडतं, तेही बघा.

तापीकाठ
एक महत्त्वाचं. दोन आठवड्यांहून जास्त कशातच रस नसेल, भूक गेली असेल, "माझ्यामागे तुमचं काय होईल" असं बोलणं येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे. जगणं नको असं स्पष्ट बोलले तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दाब येऊन घाम फुटला किंवा हातात कळ गेली तर रिपोर्ट नॉर्मल होते म्हणून थांबू नका, १०८ लावा.

यावलची_ताई
किल्ली वहिनीकडे देते आजच. साडेतीनला जाग आली तर पडून राहायचं का?

हळू_श्वास
साधारण वीस मिनिटं झाली वाटलं की उठायचं, पण घड्याळ बघायचं नाही. ओट्यावर मंद उजेडात बसायचं, मोबाईल घरात. डोळे जड झाले की परत अंथरुणात. त्या वेळी केळी कापायची की थांबायचं, असा कुठलाच निर्णय घ्यायचा नाही. तो सहाच्या वहीत.