ब्लॉकचेन समजावताना ‘वही’चं उदाहरण द्यावं का?

मोगरा:
मागच्या बैठकीत आमच्या बचत गटातल्या बायकांनी विचारलं, "हे ब्लॉकचेन म्हणजे नक्की काय?" मी गटाचं रजिस्टरच पुढे ओढलं. म्हटलं, हे एकट्या सचिवाकडे असतं. समजा वीसही जणींकडे याची प्रत आहे आणि दर हप्त्याची नोंद सगळ्या प्रतींत चढते. मग एकीने आपल्या प्रतीत २०० चे ५०० केले तर? कोपऱ्यातून उत्तर आलं, "बाकीच्या एकोणीस वह्या तिला खोटं पाडतील." माझं ठाम मत आहे, नवख्या माणसाला पहिल्या दिवशी नोड, कन्सेन्सस हे शब्द सांगूच नयेत. वही पुरते.

आडवाट:
मोगराताई, तळमळ पोचली, पण उदाहरण पटलं नाही. तुमच्या वीस जणी एकमेकींना ओळखतात. बिटकॉइन, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारं डिजिटल नाणं, त्याचा सगळा खटाटोप अनोळखी लोकांसाठी आहे. सातोशी नाकामोतो या नावाने २००८ साली जो लेख आला, त्यातला प्रश्न असा: एकच नाणं दोघांना दिलं, तर कुठला व्यवहार खरा, आणि मध्ये बँक नसताना ते ठरवायचं कसं? प्रती वाटणं सोपं आहे हो, पुढचं पान कोणी लिहायचं ही खरी अडचण. बिटकॉइनमध्ये ठरलेल्या अटीत बसणारा आकडा जो आधी शोधेल, त्याला पान लिहायचा हक्क मिळतो. साधारण दर १० मिनिटांनी एक पान, आणि त्या शोधापायी प्रचंड वीज जळते. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर २०२२ मध्ये ही पद्धत सोडली. तिथे आता स्वतःची नाणी अडकवून ठेवणाऱ्यांतून निवड होते. हे गाळलंत तर चार जणांत वाटलेली एक्सेलची फाइलही ब्लॉकचेनच वाटेल.

मोगरा:
पुढच्या पानाचं मान्य, पण ते दुसऱ्या बैठकीत. पानं एकमेकांत कशी अडकतात ते मात्र मी दाखवलं. लॅपटॉपवर ‘हप्ता २००’ लिहून एसएचए-२५६ या गणिती सूत्राने त्याचा ठसा काढला, ६४ अक्षरांची रांग आली. २०० चे २०१ केले, सगळी रांगच पालटली. हा ठसा पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहिलेला असतो, म्हणून जुनं पान बदललं की पुढची सगळी पानं बोंब मारतात. ते बघताना एकीनेही मोबाइल हातात घेतला नाही.

बांधावरून:
वहीत खाडाखोड झाली नाही म्हणजे वहीतलं खरं, असं कुठेय? आजोबांच्या वारस फेरफारात आत्याचं नाव राहून गेलं आणि सातबाऱ्यावर तेच उतरलं. ही नोंद ब्लॉकचेनवर असती तरी चुकीचीच असती, फक्त जास्त पक्की. २०२२ साली गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉन ब्लॉकचेनवर नोंदवले. चांगलं काम आहे. पण त्याने कळतं ते एवढंच, की दिलेला दाखला मागाहून कोणी बदललेला नाही. देताना चौकशी नीट झाली होती का, हे कुठलाही ठसा सांगत नाही.

मोगरा:
दुरुस्तीची नोंद पुढे घालता येतेच की, जुनीही दिसत राहते.

बांधावरून:
येते. पण त्यासाठी माणूसच लागतो ना, आणि आमचं घोडं तिथेच अडलंय.

सांजवेळ:
माझा विरोध वेगळ्याच कारणासाठी आहे. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या योजनेने दरमहा १० टक्क्यांची लालूच दाखवली होती, पुण्यातही गुन्हे दाखल झाले. माझी मावशी अशाच दुसऱ्या एका योजनेत फसली. तिला सांगितलेलं वाक्य मला पाठ आहे: "वही सगळ्यांकडे असते, यात फसवणूक होऊच शकत नाही." म्हणजे तुमचंच उदाहरण, ताई! तिचे पैसे तिच्याच हाताने दुसऱ्याच्या खात्यात गेले आणि वहीने ते अगदी बिनचूक टिपून ठेवले. परत फिरवणारं कोणी नव्हतं.

मोगरा:
हे वाचून रात्री नीट झोप लागली नाही. वही मी सोडणार नाही, पण शनिवारच्या बैठकीत क्रम बदलते. आधी एक खोटी नोंद वीसही प्रतींत चढवणार, ठसे जुळवून दाखवणार आणि मग विचारणार, यातलं खोटं काय ते कोणी सांगेल का?