शब्दचर्चा: ‘१९वी पिढी’, पण कुणापासून?

पायवाट
ताई-ची या चिनी युद्धकलेच्या एका वर्गाच्या माहितीपत्रकाचं मराठी करून देतेय. बाकी सगळं झालं, एका तक्त्यापाशी अडले. वर एक दाढीवाले बाबाजी, खाली रेघा, रेघांच्या टोकांना चिनी नावं आणि अगदी तळाशी वर्गाचे सर. इंग्रजी मथळा ‘लीनिएज’. आधी ‘वंशावळ’ लिहिलं, मग वाटलं, सर काही त्या बाबाजींचे खापरपणतू नाहीत. ‘परंपरा’ म्हटलं की नऊवारी आणि नथ डोळ्यांपुढे येते. ‘घराणं’ चालेल का? एका नावापुढे ‘१९वी पिढी’ आहे, ते तसंच ठेवू?

तालीमकर
घराणं लिहा, डोळे झाकून. पैलवानाला आम्ही विचारतो, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण. गवयाला विचारतात, घराणं कुठलं. हे लोक आडनाव सांगतात: चेन, यांग, वू, सुन. आडनाव म्हणजे घरच की.

दुभाषा
तालीमकर, घोळ नेमका त्या आडनावाचाच आहे. आपली गाण्याची घराणी बहुतेक गावांवरून: ग्वाल्हेर, किराणा, जयपूर-अत्रौली. किराणा घराण्याचा म्हटल्यावर तो किराण्याच्या उस्तादांचा नातू असेल असं कुणी धरून चालत नाही. ‘यांग घराणं’ वाचणाऱ्याला मात्र सगळे यांगच वाटणार.

चिनीत यासाठी शब्द आहे शि-छंग. ‘शि’ म्हणजे गुरू, ‘छंग’ म्हणजे वरून आलेलं खाली हात धरून पेलणं. आपल्याकडे याला तयार शब्द आहे, गुरुपरंपरा. नुसती ‘परंपरा’ हल्ली रूढीच्या अर्थाला लागली, पण आधी ‘गुरु’ लावला की तिचा मूळ अर्थ, एकामागून एक, लगेच परत येतो. अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानेश्वर आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी करत निवृत्तिनाथांपर्यंत येतात. निवृत्तिनाथ सख्खे थोरले भाऊ, तरी त्या ओळीत आहेत ते गुरू म्हणून. वडील विठ्ठलपंत त्या ओळीत नाहीत. रक्ताची रेघ वेगळी, विद्येची वेगळी.

आता तुमची ‘१९वी पिढी’. ते नाव चेन ताई-चीचे वस्ताद चेन शियाओवांग यांचं असणार, निदान चेन आडनावाचं तरी बहुधा असेल. या गणतीत पहिला कोण? चेन बू. मिंग राजवटीच्या सुरुवातीला शान्शी प्रांतातून उठून होनान प्रांतातल्या वन परगण्यात वस्ती केलेला गृहस्थ. त्याच्या वंशजांचं गाव ते चेनच्यागोउ, म्हणजे चेनांची घळ. ताई-चीचं श्रेय दिलं जातं ते चेन वांगतिंगला. तो सतराव्या शतकातला, कुळातला नववा. म्हणजे वरच्या आठ पिढ्या या तक्त्यात मूळपुरुष म्हणून आहेत, गुरू म्हणून नाहीत. विद्येच्या हिशोबाने मोजलं तर १९वी पिढी ही ११वी ठरते.

याच कुळातल्या १४व्या पिढीच्या चेन चांगशिंगने (१७७१–१८५३) बाहेरच्या एकाला शिकवलं: यांग लू-छान, हपै प्रांतातल्या युंगन्येनचा. भिंतीआडून चोरून बघत शिकला, अशी गोष्ट सांगतात. आपल्याला लगेच एकलव्य आठवतो, पण इथे अंगठा वाचला. हा पुढे बीजिंगला जाऊन नावारूपाला आला आणि त्याच्यापासून नवी गणती सुरू झाली. तो चेन नाही म्हणून १५वा नाही, तो यांगांचा पहिला. परिणाम बघा. त्याचा नातू यांग छंगफू जन्मला १८८३ साली, चेन फा-ख १८८७ साली. चार वर्षांचं अंतर. एक ‘तिसरी पिढी’, दुसरा ‘१७वी पिढी’. पत्रकात आकडा सुटा छापलात तर वाचणारा १७ला जुना आणि अस्सल समजणार, ३ला कालचा.

तेव्हा ‘चेन कुळाची १९वी पिढी’ असं लिहा. ‘कुळाची’ हा शब्द गाळू नका.

पायवाट
बाप रे. आणि सगळ्यात वरचे दाढीवाले?

दुभाषा
चांग सानफंग असणार, वूतांग पर्वतावरचा ताओपंथी साधू. आख्यायिका. तांग हाओ नावाच्या अभ्यासकाने १९३०च्या दशकात चेनच्यागोउला जाऊन शोध घेतला आणि ही कथा खोडून काढली, तरी चित्र भिंतीवरून उतरलेलं नाही. आदिनाथांसारखं समजा. त्यांच्यापुढे पिढीचा आकडा घालू नका म्हणजे झालं.

चिंचोळी गल्ली
शाओलिनवाले भिक्षू ‘३४वी पिढी’ म्हणतात तेही असंच का? बोधिधर्मापासून?

दुभाषा
नाही, तेराव्या शतकातल्या फूयू नावाच्या मठाधिपतीपासून. त्याच्या नावावर ७० अक्षरांचं एक पद्य आहे आणि प्रत्येक पिढीच्या नावात त्यातलं पुढचं अक्षर येतं. ३१वं द, ३२वं शिंग, ३३वं युंग, ३४वं यान. त्यामुळे भिक्षूचं नाव ऐकलं की पिढी कळते, तक्ता लागत नाही. नावाआधीचं ‘शि’ मात्र गुरूचं नव्हे, ते शाक्यमुनीतल्या ‘शाक्य’चं. उच्चार जवळपास सारखा, अक्षर निराळं.

तालीमकर
बरं, घराणं मागे घेतलं. आता ‘शिफू’चं सांगा. वस्ताद लिहायचं का?

दुभाषा
बोलताना शिफू एकच, लिहिताना दोन. एकात ‘फू’ म्हणजे बाप: ज्याच्यापुढे गुडघे टेकून, चहाचा पेला दोन्ही हातांनी देऊन शिष्यत्व घेतलं तो. दुसरा कसबी माणसासाठी. बीजिंगमध्ये टॅक्सीवालाही शिफू, आचारीही शिफू. आपल्याकडे लग्नातला आचारी ‘महाराज’ असतोच की. पत्रकात वस्ताद छान बसेल, गुरुजी नको, सत्यनारायण आठवतो.

पायवाट
चहाचा पेला म्हणजे आपलं गंडाबंधनच. तिथे मनगटाला धागा आणि तोंडात गूळ-चणे. मग ‘क्लोज्ड-डोअर डिसायपल’चं काय? मी ‘गुप्त शिष्य’ केलंय. 🙈

दुभाषा
ते आधी खोडा! इंग्रजीत दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. चिनीत ‘दार लावणारा शिष्य’ म्हणजे शेवटचा: याच्यानंतर गुरूने दार लावून घेतलं, आता नवीन कुणी नाही. शेंडेफळ म्हणा हवं तर. जवळचा, आतला शिष्य तो ‘खोलीत आलेला’. याचं मूळ कन्फ्यूशियसपर्यंत जातं. त्स-लू नावाच्या शिष्याबद्दल तो म्हणाला होता, दिवाणखान्यापर्यंत चढलाय, अजून आतल्या खोलीत आला नाही.

चिंचोळी गल्ली
म्हणजे ओसरीवरचे शिष्य आणि माजघरातले शिष्य.

दुभाषा
व्वा. पायवाट, हे उचला.

तालीमकर
गुरुबंधूंचं पण असंच वयावर का? आमच्यात जो मोठा तो दादा.

दुभाषा
वयावर नाही, दारातून कोण आधी आत आला यावर. पन्नाशीचा माणूस काल दाखल झाला तर पंचविशीतला पोरगा त्याचा शि-श्युंग, थोरला गुरुबंधू. गुरूचा थोरला गुरुबंधू शि-पो, धाकटा शि-शू. मराठीत ‘चुलतगुरू’ करायचा मोह होतो, आवरा.

आणि या नात्यांपायी रेघाही वाकवतात. छुआन-यू नावाचा मांचू शिपाई शिकला यांग लू-छानकडे, पण बडे सरदारही लू-छानचेच शिष्य. शिपाई सरदारांचा गुरुबंधू कसा होणार? म्हणून लू-छानने त्याला आपल्या मुलाच्या, पान-होउच्या नावावर लावलं, अशी हकीकत परंपरेत सांगतात. तक्त्यावर एक पायरी खाली. छुआन-यूचा मुलगा वू च्येनछुआन, त्याच्यावरून वू घराणं. दुसरं एक वू घराणं आहे, वू यूश्यांगचं, त्या ‘वू’चा चिनी उच्चारातला सूर वेगळा. देवनागरीत दोन्ही ‘वू’च, तेव्हा पूर्ण नावं द्या.

पायवाट
मथळा ‘गुरुपरंपरा’ केला. ‘चेन कुळाची १९वी पिढी’, ‘शेवटचा शिष्य’, ‘माजघरातले शिष्य’ (याला सर हसतील, पण ठेवतेय). एकच राहिलं. तक्त्यात एक बाई आहेत, वू यिंगह्वा, वू च्येनछुआन यांची मुलगी. त्यांनाही शिफूच? त्यात बाप आहे ना?

दुभाषा
हो, शिफूच. बापासकट. गुरूच्या बायकोला शि-मू, गुरुमाता. गुरू बाई असेल तर तिच्या नवऱ्याला शि-चांग.

तालीमकर
आपल्याकडे गुरुपत्नी आहे. गुरुपती?

चिंचोळी गल्ली
‘बाईंचे मिस्टर’.