सानिया मिर्झा ‘शेवटी डबल्सवालीच’?

टायब्रेकर

भारताचा सर्वोत्तम टेनिसपटू कोण, यावर परवा बोलणं चाललं होतं. सानिया मिर्झाचं नाव निघालं आणि एकाने लगेच लिहिलं, "चांगली होती, पण शेवटी डबल्सवालीच." बऱ्याच जणांनी त्याला दुजोरा दिला. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

सहा ग्रँडस्लॅम विजेतेपदं आहेत तिची. मिश्र दुहेरीत महेश भूपतीबरोबर २००९ ची ऑस्ट्रेलियन आणि २०१२ ची फ्रेंच, ब्रुनो सोआरेसबरोबर २०१४ ची अमेरिकन. महिला दुहेरीत मार्टिना हिंगिसबरोबर २०१५ ची विम्बल्डन, त्याच वर्षीची अमेरिकन आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन. डब्ल्यूटीएची (महिला टेनिस संघटनेची) दुहेरीची ४३ विजेतेपदं. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली आणि एकूण ९१ आठवडे त्या जागेवर राहिली. हिंगिसबरोबर सलग ४१ सामने जिंकले.

आपला मुंबईचा चिराग शेट्टी सात्विकबरोबर २०२३ मध्ये बॅडमिंटनच्या दुहेरीत जगात पहिला झाला तेव्हा आपण पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. "शेवटी डबल्सवालेच" असं तेव्हा कुणी म्हणालं नाही, आणि म्हणायलाही नको होतं. मग टेनिसपाशी आलो की मोजपट्टी का बदलते?

---

ठाणेकर

सपशेल असहमत. सानियाबद्दल आदर पूर्ण आहे, पण मोजपट्टी बदलते त्याला कारण आहे. बॅडमिंटनमध्ये दुहेरी हा वेगळा, पूर्ण वाढलेला प्रकार आहे. एकेरीतले अव्वल खेळाडू तिथे येत नाहीत, कारण आले तर हरतील. टेनिसमध्ये ते येत नाहीत कारण त्यांना गरज नसते. आणि येतात तेव्हा काय होतं? व्हीनस आणि सेरेना विल्यम्स या बहिणी मिळून महिला दुहेरीच्या १४ ग्रँडस्लॅम अंतिम फेऱ्या खेळल्या आणि चौदाही जिंकल्या. त्यांनी दुहेरीची कारकीर्द वेगळी घडवली नव्हती, सवड मिळेल तसं त्या खेळायच्या.

बक्षिसाची रक्कम बघा, टीव्हीवर कुठला सामना दाखवतात ते बघा. नेहमीच्या स्पर्धांत दुहेरीला तिसरा सेटसुद्धा पूर्ण खेळवत नाहीत, दहा गुणांचा टायब्रेक लावतात, म्हणजे सेटऐवजी नुसती दहा गुणांची शर्यत. ड्यूस (४०-४० बरोबरी) झाला की एकाच गुणावर गेमचा निकाल. खेळ चालवणारेच त्याला दुय्यम मानतात, मग प्रेक्षकांना दोष कशाला?

---

डावखुरी

ठाणेकर, तुम्ही सांगताय तो आयोजकांचा हिशेब. खेळाचा कस त्याच्यावर कसा ठरणार? उलट ड्यूसला एकच गुण मिळतो तिथे छाती जास्त लागते.

मी कॉलेजमध्ये विद्यापीठ पातळीपर्यंत खेळले आहे, त्यामुळे कोर्टवरून काय दिसतं तेवढं सांगते. दुहेरीत सर्व्हिस परतवताना समोर नेटजवळ एक जण टपून उभा असतो. एकेरीत चालून जाणारा गुडघ्याच्या उंचीचा सुरक्षित परतावा इथे थेट त्याच्या रॅकेटवर जातो आणि गुण संपतो. चेंडू नेटवरून जेमतेम, तिरका, आणि सर्व्हिस करून पुढे येणारीच्या पायाशी पडायला हवा. विचार करायला अर्धा सेकंदही नसतो. सानियाचा फोरहँड परतावा नेमका असा होता. मनगट विलक्षण लवचीक, पाठीमागे रॅकेट फारशी न नेता शेवटच्या क्षणी ती झटका द्यायची, त्यामुळे चेंडू कुठे जाणार हे नेटवरच्या बाईला कळायचंच नाही. ती लगबगीने मधे आली की चेंडू तिच्या मागून गल्लीत (दुहेरीसाठीच्या कडेच्या पट्ट्यात), ती थांबली की पायाशी.

२०१५ ची विम्बल्डनची अंतिम लढत आठवा. समोर माकारोवा आणि व्हेस्निना. पहिला सेट ५-७ असा गेला, दुसरा टायब्रेकवर काढला. तिसऱ्यात २-५ अशा मागे. तिथून ५-५ केलं. तेवढ्यात उजेड गेला म्हणून सेंटर कोर्टचं छत ओढायला खेळ थांबवला. परत आल्या आणि दोन गेम सलग घेऊन ७-५. ग्रँडस्लॅममध्ये तिसरा सेट पूर्ण खेळावा लागला, तो असा खेळला. याला दुय्यम म्हणायला मी तयार नाही.

---

पार्लेकर काका

डावखुरी, वर्णन झकास केलंत. पण त्या सामन्यात गाडी ओढत कोण होतं? मी तो सामना पूर्ण पाहिला आहे. नेटवर हिंगिस. एकेरीत जगात पहिली राहिलेली, पाच एकेरी ग्रँडस्लॅम जिंकलेली बाई. ऑगस्ट २०१६ मध्ये जोडी फुटली. त्यानंतर हिंगिसने २०१७ मध्ये अमेरिकन ओपनची महिला दुहेरी चॅन युंग-जानबरोबर जिंकली, शिवाय विम्बल्डन आणि अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरीही. सानियाला त्यानंतर एकही ग्रँडस्लॅम नाही. निष्कर्ष ज्याने त्याने काढावा.

---

टायब्रेकर

काका, निष्कर्ष काढायचा तर सगळी पानं उघडून काढू. हिंगिसच्या आधी तिच्या तीन ग्रँडस्लॅम ट्रॉफी होत्या, दोन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर. २०१४ ची वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स कॅरा ब्लॅकबरोबर जिंकली. जोडी फुटल्यावर लगेचच सिनसिनाटीत काय झालं? अंतिम फेरीत एका बाजूला सानिया आणि बार्बोरा स्ट्रायकोव्हा, दुसऱ्या बाजूला हिंगिस आणि कोको व्हँडवे. सानिया जिंकली, आणि तोवर दोघींत वाटलेलं पहिलं स्थान तिच्या एकटीचं झालं. ओझं म्हणून वाहिलेल्या खेळाडूला हे जमत नाही.

२०१७ मध्ये गुडघ्याने खेळणं थांबवलं. २०१८ मध्ये मुलगा झाला. २०२० च्या जानेवारीत होबार्टमध्ये ती परतली ती नादिया किचेनोकबरोबर स्पर्धा जिंकूनच. आई झाल्यावर, दोन वर्षं कोर्टबाहेर राहून, पहिल्याच स्पर्धेत विजेतेपद. हेही हिंगिसच्या खात्यात टाकायचं का?

---

नेटकॉर्ड

+१. आणि निवृत्तीच्या महिनाभर आधी, ३६ व्या वर्षी, रोहन बोपण्णाबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिश्र दुहेरीची अंतिम फेरी. हरली, पण पोहोचली.

---

मराठवाडी

मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजू धरून चालल्या आहेत की सानियाने दुहेरी "निवडली". तिची एकेरी बघितलेली पिढी विसरली काय?

२००५ साल आठवा. मी तेव्हा बारावीत होतो, टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी घरातले सगळे टीव्हीपुढे. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिसरी फेरी, तिथे सेरेनाकडून हार. फेब्रुवारीत हैदराबादेत घरच्या लोकांसमोर डब्ल्यूटीएची एकेरी स्पर्धा जिंकली. त्याआधी कुठल्याच भारतीय बाईने ते केलं नव्हतं. पाठोपाठ दुबईत स्वेतलाना कुझनेत्सोवाला हरवलं, जी तेव्हा अमेरिकन ओपनची विजेती होती. त्याच वर्षी अमेरिकन ओपनची चौथी फेरी. २००६ मध्ये सोलला खुद्द हिंगिसला हरवलं. ऑगस्ट २००७ मध्ये जगात २७ वी.

आणि मग मनगट. डावखुरी ज्या झटक्याचं कौतुक करतायत, त्याच उजव्या मनगटाने घात केला. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच सामन्यात अर्ध्यातून कोर्ट सोडावं लागलं. त्या वर्षी शस्त्रक्रिया. पुढे गुडघ्याचीही. एकेरीत दर आठवड्याला एवढा भार सोसेल असं शरीर उरलंच नव्हतं. २०१३ मध्ये तिने एकेरी अधिकृतपणे सोडली, तीही दहा वर्षं एकेरीत झुंजून. म्हणजे ठाणेकर म्हणतात तशी पळवाट नव्हती, आणि टायब्रेकर म्हणतात तसं फक्त दुहेरीचं कौतुक करूनही भागत नाही. तिची एकेरीच आपण कमी लेखतो असं माझं मत आहे. भारताची दुसरी कुठलीच महिला खेळाडू आजवर एकेरीत पहिल्या शंभरात आलेली नाही. निरुपमा वैद्यनाथन १३४ पर्यंत गेली, अंकिता रैना १६० पर्यंत. सत्तावीस आणि एकशे चौतीस यांतलं अंतर बघा.

---

ठाणेकर

मराठवाडी, "पळवाट" हा शब्द माझा नाही. पण तुमच्या प्रतिसादाने माझाच मुद्दा पक्का होतो. २७ वा क्रमांक तुम्हाला एवढा मोलाचा का वाटला? कारण तो एकेरीतला आहे. तिथे पोहोचणं किती अवघड आहे हे तुमच्याही मनाला ठाऊक आहे.

माझी तक्रार सानियाबद्दल नाहीच. लिअँडर पेस, भूपती, सानिया, बोपण्णा, अशा तीस वर्षांच्या दुहेरीच्या यशाने आपल्या टेनिसचं बरं चाललंय असं आपल्याला वाटत राहिलं. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डन एकेरीच्या उपांत्य फेरीत खेळले. विजय अमृतराज १९७३ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन, दोन्हीकडे उपांत्यपूर्व फेरीत. रमेश कृष्णन १९८७ ला अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत. त्यानंतर कोण? ग्रँडस्लॅम ट्रॉफी येत राहिल्या, त्यामुळे हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. लिअँडरचं १९९६ चं अटलांटाचं कांस्य एकेरीतलं होतं हेही आज अर्ध्या लोकांना माहीत नसतं.

---

डावखुरी

हा राग संघटनेवर काढा, खेळाडूंवर नको. दुहेरीत कुणी ट्रॉफी आणली म्हणून एकेरीची सोय करायला कुणी हात धरले होते का?

आणि "एकेरीवाले सहज येऊन जिंकतात" हे २०२५ च्या अमेरिकन ओपनने पुन्हा तपासून पाहिलं. मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधी दोन दिवसांत उरकली, अंतिम फेरी सोडून सेट चार गेमचे केले, एकेरीतले तारे बोलावले, बक्षीस दहा लाख डॉलर. दुहेरीच्या बहुतेक जोड्यांना दारच बंद. जिंकलं कोण? सारा एरानी आणि आंद्रेआ व्हावासोरी, दुहेरीतली नेहमीची जोडी. अंतिम फेरीत त्यांनी इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूडला हरवलं.

---

पार्लेकर काका

एरानी २०१२ च्या फ्रेंच ओपनची एकेरीची उपविजेती आहे आणि एकेरीत जगात पाचवी होती, हेही लिहा की. तिला निव्वळ दुहेरीवाली म्हणता येणार नाही.

---

डावखुरी

काका, मग हिंगिसही नाही, एरानीही नाही, आणि २७ वी सानियाही नाही. उत्तम दुहेरी खेळणाऱ्यांच्या अंगात एकेरीचं टेनिस असतंच. मग "शेवटी डबल्सवालीच" हे वाक्य नक्की कुणाला लागू करायचं?

---

बालेवाडीची आई

एवढा वेळ नुसती वाचत होते, आता राहवत नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, पुण्यात टेनिस शिकते. हा वाद तुमच्यासाठी गप्पांचा असेल, आमच्याकडे दर शनिवार-रविवारचा आहे.

मुलांच्या स्पर्धांत दुहेरीची काय अवस्था असते ते सांगते. दिवसभर एकेरीचे सामने. ते संपले की साडेपाच-सहाला, पोरं दमलेली, उजेड उतरायला लागलेला, तेव्हा पंच हाका मारतात, "डबल्सवाले, कोर्ट तीन." मागच्या एका स्पर्धेत तर उशीर झाला म्हणून अख्खा सामना एका टायब्रेकवर उरकला. अर्धे पालक एकेरीत मूल हरलं की दुहेरीतून नाव काढून घरी निघतात. सोबतची मुलगी जोडीदाराविना तिथेच उभी. ती रडत होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. "एकेरीच खरी" हे आपण मोठी माणसं बोलतो ते असं खालपर्यंत झिरपतं.

सानियाला घडवताना तिच्या आईवडिलांना आमच्यापेक्षा कितीतरी कमी सोयी होत्या. हैदराबादेत शेणाने सारवलेल्या कोर्टवर खेळत वाढले असं तिनेच सांगितलंय. शिवाय मैदानाबाहेर तिला काय काय ऐकावं लागलं! स्कर्टवरून, लग्नावरून, देशप्रेमावरून. एवढं सोसून जी जगात पहिली झाली, तिच्या पहिल्या क्रमांकापुढे "पण" लावायची घाई मला कळत नाही.

आणि जवळचं उदाहरण हवं तर आपली ऋतुजा भोसले. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. पहिला सेट २-६ गेला होता, दुसरा ६-३, आणि शेवटचा टायब्रेक १०-४. माझ्या लेकीने तो सामना मोबाइलवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी कोर्टवर जाऊन नेटवर उभं राहायला शिकवा म्हणाली. त्याआधी ती नेटजवळ जायलाच घाबरायची.

---

ठाणेकर

ताई, त्या जोडीदार मुलीचं वाचून वाईट वाटलं. असं नाव काढून जाण्यावर आयोजकांनी बंदीच घालायला हवी, यावर दुमत नाही. मुलीला दुहेरी जरूर खेळवा.

पण एक सांगतो, रागावू नका. सानिया २००३ मध्ये विम्बल्डनला मुलींची दुहेरी जिंकली, अलिसा क्लेबानोवाबरोबर. सोळा वर्षांची होती. तिथूनच दुहेरीत शिरणं सोपं होतं. तरी ती पुढची दहा वर्षं एकेरी खेळत राहिली, आणि त्या फोरहँडमधली ताकद तिथेच तयार झाली. तुमच्या मुलीला कुणी "हिचा खेळ डबल्सचा" असं बाराव्या वर्षी सांगू लागलं तर ऐकू नका.

---

बालेवाडीची आई

कुणी सांगितलं तरी ऐकणार नाही, त्याची काळजी नको. पुढच्या स्पर्धेला दोन्हींत नाव दिलंय. एकेरीत पहिल्या फेरीत हरली तरी संध्याकाळपर्यंत थांबायचं, हे तिच्या जोडीदाराच्या आईशी आधीच बोलून ठेवलंय.

---

मराठवाडी

हे बेस्ट केलंत ताई. निकाल इथे नक्की कळवा, दोन्ही सामन्यांचा.